परतीच्या ताईंची वाक्यं

आमच्या दुकानाला तीन मजले होते आणि आलेल्या माणसानं काहीतरी घेऊनच बाहेर पडावं अशी तिन्ही मजल्यांवर चोख व्यवस्था होती. उलटं काम फक्त एका ठिकाणी चालायचं. तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या मागे, जिथे उजेडही जरा हात आखडूनच यायचा, तिथे विकलेला माल परत घ्यायचं काउंटर होतं. बंद पडलेल्या किटल्या, न फिरणारे मिक्सर, पहिल्याच धुण्यात रंग सोडलेल्या चादरी तिथे यायच्या आणि त्यांच्यासोबत चिडलेली माणसं यायची. त्या काउंटरवर ताई एकोणीस वर्षं बसल्या. सगळे त्यांना परतीच्या ताई म्हणायचे. नव्यानं लागलेल्या मुलींना तर त्यांना दुसरं काही नाव असेल अशी शंकाही यायची नाही.

मी समोरच, काचसामानात. आमच्यामध्ये पेल्यांचं एक उघडं कपाट तेवढं होतं, त्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा. आधी मला वाटायचं, ही बाई विशेष काहीच करत नाही. मग लक्षात आलं की तावातावानं आलेला माणूस यांच्यासमोर दोन मिनिटांत निवतो. एकदा एक गृहस्थ इस्त्री गदेसारखी धरून आले. ताईंनी पावती मागितली नाही, तारीख विचारली नाही. म्हणाल्या, "हात तर नाही ना भाजला?" गृहस्थांचा खांदा खाली आला. पुढे ताईंनी त्यांना साफ नकार दिला, कारण इस्त्री पाण्यात बुडवलेली होती. दुरुस्तीवाल्याचा पत्ता मात्र लिहून दिला. जाताना ते गृहस्थ "बरं आहे, येतो ताई" म्हणून गेले.

"नाही म्हटलंत तरी हसत गेले. कसं काय?" मी विचारलं.

"इथे भांडायला कुणी येत नाही गं," ताई म्हणाल्या. "घाबरून येतात. आपण फसलो की काय, चारचौघांत मूर्ख ठरलो की काय, अशी धाकधूक असते. ती आधी उतरवायची. मग नाही म्हटलं तरी चालतं. फक्त का नाही आणि आता पुढे काय, हे सांगायचं. माणसाला अर्ध्या वाटेत सोडायचं नाही."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शाळा संपली तशा त्या नोकरीला लागल्या होत्या. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी ताई आणि सासूबाई. संगणकाशी ताईंचा संबंध पावती छापण्यापुरता. तो वाढला फ्यूजमुळे.

फ्यूज म्हणजे आमचा विजेच्या सामानातला सहकारी. चाळिशीचा, डोक्यानं तेज आणि स्वभावानं तापट. चटकन तापायचा आणि तितक्याच चटकन गप्प व्हायचा, म्हणून हे नाव. आम्हा दुकानवाल्यांचा एका मोठ्या ॲपवर गट होता. पाळ्यांची अदलाबदल, हरवलेल्या छत्र्या, साहेबांच्या नकला, सगळं त्यावर चालायचं. एक दिवस तो गट नियमबाह्य ठरवून बंद केला गेला. कोणता नियम, कुणाला कळलं नाही. विचारायचं तर विचारणार कुणाला? फ्यूज तापला. घरातल्या एका जुन्या संगणकावर त्यानं दोन आठवडे काहीतरी खाटखूट केली आणि आम्हाला नवीन जागा दिली. नाव ठेवलं 'फळी', कारण आम्ही सगळे दिवसभर फळ्याच तर लावत होतो.

चहाच्या सुट्टीत त्यानं समजावलं, "हे कुठल्या कंपनीचं नाही. ज्यांनी हा प्रोग्राम लिहिला त्यांनी तो उघडा ठेवलाय. कुणीही घ्या, वाचा, बदला, आपल्या घरी चालवा. अशा हजारो लहान लहान जागा आहेत आणि सगळ्या एकमेकींशी बोलतात."

"म्हणजे पोस्टासारखं," ताई म्हणाल्या. "प्रत्येक गावाचं पोस्ट निराळं, पण पत्र कुठूनही कुठेही जातं."

फ्यूजनं चहाचा कप खाली ठेवला. "मी हेच वीस मिनिटं सांगत होतो," तो म्हणाला.

फळीवर हळूहळू शेजारच्या रस्त्यावरचे चपलांच्या दुकानातले आले, औषधांच्या दुकानातले आले. आणि एक दिवस ताईंच्या सासूबाई आल्या. सासूबाईंनी चाळीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कॉलर आणि बाह्या बसवल्या होत्या. आता दिवसभर घरात एकट्या. ताईंनी त्यांना एक जुना टॅब दिला आणि फळीवर खातं उघडून दिलं. महिनाभर त्या नुसत्या बघत राहिल्या. मग औषधांच्या दुकानातल्या एकानं नव्या सदऱ्यातला फोटो टाकला, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य आलं: "डावी बाही अर्धा इंच चढली आहे. शिंप्याला सांगा."

त्यानंतर लोक मुद्दाम कपड्यांचे फोटो टाकायला लागले. सासूबाई कुणाचीही भीड ठेवायच्या नाहीत. दूरदूरच्या सर्व्हरवरची, म्हणजे फळीसारख्या दुसऱ्या जागांवरची माणसं त्यांची बोलणी ऐकून घ्यायला यायची. ताई सांगायच्या, "घरात ताकास तूर लागू देत नाहीत, आणि तिकडे बघा कशा घडाघडा बोलतात."

मग एकाएकी सासूबाई गप्प झाल्या. चार दिवस काही नाही. फळीवर लोक विचारायला लागले, आजी बऱ्या आहेत ना? ताईंनी घरी जाऊन टॅब शोधला, तर तो कपाटात चादरींच्या घडीखाली दडवलेला.

"आई, हा इथे कशाला ठेवलात?"

सासूबाईंनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "मी काही केलं नाही गं. खरंच नाही."

"काय झालं ते तर सांगा."

"तेच म्हणालं. मी अवैध आहे म्हणून."

ताईंनी टॅब सुरू केला. पडद्यावर अजून ते वाक्य होतं: 'अवैध विनंती. आपला प्रवेश नाकारण्यात आला आहे.' झालं होतं एवढंच की सासूबाईंच्या बोटानं एकच बटण दोनदा दाबलं गेलं होतं. पण त्या बाईनं चार दिवस दाराकडे कान लावून काढले होते. कुणीतरी चौकशीला येईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी ताई काउंटर न उघडताच विजेच्या विभागात गेल्या. मी पेले पुसत होते. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"हे वाक्य कुणी लिहिलं?"

"भाषांतर करणाऱ्यानं," फ्यूज म्हणाला. "असतील कुणी. तुमच्या-आमच्यासारखेच. फुकट करतात."

"मग मलाही करता येईल?"

"का नाही? उघडं आहे म्हणजे उघडं आहे."

त्यानं त्यांना भाषांतराची साइट दाखवली. डाव्या बाजूला मूळ वाक्य, उजव्या बाजूला आपलं, आणि तुम्ही सुचवलेलं वाक्य एक तपासणीस बघणार. त्यानं हो म्हटलं तर पुढच्या वेळी जगभर जिथे जिथे आपली भाषा वाचणारा माणूस असेल तिथे तुमचं वाक्य दिसणार. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत, कोठारात मिक्सरच्या खोक्यावर बसून पहिलं वाक्य लिहिलं: 'हे जमलं नाही. तुमची काही चूक नाही. थोड्या वेळानं पुन्हा करून पाहूया.'

तपासणिसाचं टोपणनाव होतं 'ह्रस्वदीर्घ'. उत्तर संध्याकाळी आलं: 'सूचना अमान्य करण्यात येत आहे. मूळ मजकुरात 'चूक' या शब्दाचा उल्लेख नाही. भाषा घरगुती आहे. भाषा बाजारात बसून लिहिली जात नाही.'

आम्ही सगळ्यांनी ते वाचलं आणि कुणीतरी निवृत्त गुरुजी असणार असं ठरवून टाकलं. फ्यूज म्हणाला, "सोडा हो ताई. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांच्या नादी कशाला लागता?"

पण ताईंनी पंधरा-सोळा वर्षं 'नाही' म्हणण्यात घालवली होती. दुसऱ्याच्या 'नाही'नं त्या खचल्या नाहीत. आधी गुरुजींनी आजवर काय काय केलंय ते त्यांनी पाहिलं. दोन हजारांवर वाक्यं. तीन वर्षं. एकट्यानं. शेजारच्या कुठल्याही रकान्यात दुसरं नाव नाही. "अगं, एवढं ओझं या माणसानं एकट्यानं ओढलंय," मला म्हणाल्या. मग त्यांनी उत्तर लिहिलं: 'बाजारात लिहीत नाहीत, हे मान्य. पण वाचतात मात्र बाजारात, स्वयंपाकघरात आणि दवाखान्याच्या बाकावर. तुमचं वाक्य चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. ते वाचून माझ्या सासूबाई चार दिवस घाबरून बसल्या. एवढंच कळवायचं होतं.'

तीन दिवस काही आलं नाही. मग एकच ओळ आली: 'वाक्य स्वीकारण्यात आले. "पाहू या" हे दोन शब्द आहेत, तोडून लिहावेत.'

तिथून दोन वर्षं ताईंचं हे काम चाललं. रोज जेवणाच्या सुट्टीत पाच-सहा वाक्यं. अडलं की त्या डबा हातात घेऊन आमच्याकडे यायच्या. दुसऱ्याचं लिखाण नेहमी आपल्यापर्यंत यावं म्हणून एक बटण असतं, त्यावर गुरुजींनी 'अनुसरण करा' लिहिलं होतं. फ्यूज म्हणाला, "सरळ 'मागे लागा' लिहा." ताईंनी घरी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मी या वयात कुणाच्या मागे लागू?" शेवटी 'वाचत राहा' ठरलं. गुरुजींनी आठवडाभर वाद घातला आणि मान्य केलं. वाद मोठे मजेदार असायचे. गुरुजी एकही वाक्य कर्तरी प्रयोगात लिहीत नसत. 'विचार करण्यात आला', 'पटलेले नाही', 'कळविण्यात येत आहे'. ताई म्हणायच्या, "हा माणूस जेवतो तरी का, की याच्याकडून जेवण्यात येतं?"

सासूबाई पुन्हा बोलायला लागल्या होत्या. फळीवर आता चारशे माणसं होती. ताईंची वाक्यं वाचून लोक लिहायचे की हा प्रोग्राम आपल्या माणसासारखा बोलतो. ताई वरवर झटकून टाकायच्या, पण त्या दिवशी काउंटरवर त्यांचा आवाज जरा अधिकच गोड व्हायचा. मला वाटतं, तिथेच पाय घसरला.

खातं बंद करायच्या बटणाखाली गुरुजींचं जुनं वाक्य होतं: 'हे खाते कायमस्वरूपी नष्ट करण्यात येईल. ही क्रिया अपरिवर्तनीय आहे.' ताईंना ते फाशीच्या हुकुमासारखं वाटलं. त्यांनी लिहिलं: 'ठीक आहे, तुमचं खातं आम्ही आवरून ठेवू. पुढे कधी वाटलं तर पुन्हा या.' काउंटरवरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या 'पुन्हा या' म्हणायच्या. गुरुजींनीही या वेळी हरकत घेतली नाही.

सहाएक महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, भाषांतर करणाऱ्यांच्या यादीतून नाव शोधून ताईंना एका अनोळखी माणसाची ओळ आली. त्यांना सगळे चावीवाले म्हणत. दुसऱ्या एका शहरात चावीची जुनी खेळणी दुरुस्त करायचे: उड्या मारणारे बेडूक, ढोल वाजवणारं माकड, तोंडानं वाफ सोडणारी आगगाडी. प्रत्येक खेळणं उघडलं की त्याच्या आतल्या स्प्रिंगांची आणि दात्यांची चित्रं हातानं काढून, मापं घालून तिकडच्या, फळीसारख्याच एका जागेवर टाकायचे. सहा वर्षं टाकत होते. मध्यंतरी आजारी पडले, वाटलं तीन महिने डोकं शांत ठेवावं. बटणाखालचं वाक्य वाचलं आणि निश्चिंत मनानं दाबलं. बरे होऊन परत आले तर तिथे काही नव्हतं. कागदावरची मूळ चित्रं त्यांनी कधीच टाकून दिली होती. सगळं वर ठेवलंय म्हटल्यावर घरात पसारा कशाला?

त्यांनी लिहिलं होतं: 'आवरून ठेवू म्हणाला होतात. कुठे ठेवलंत?'

ताईंनी ते काउंटरवर वाचलं. समोर एक बाई गळका थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्यांना ताई म्हणाल्या, "पुढच्या काउंटरला जा." आमच्याकडे पुढचं काउंटर नव्हतंच. मी धावत गेले आणि थर्मास मी घेतला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. म्हणाल्या, "ध चा मा केला मी. त्यांच्या आयुष्याचं काम होतं ते."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" मी म्हटलं.

"इथे येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो," त्या म्हणाल्या.

त्यांनी चावीवाल्यांना लिहिलं. लपवाछपवी नाही, कारणं नाहीत. 'ते वाक्य माझं आहे. मला गोड बोलायची सवय आहे आणि त्या सवयीनं तुमचं नुकसान झालं. मी क्षमा मागते.' मग भाषांतराच्या साइटवर कळवून टाकलं की आजपासून मी हे काम सोडते आहे.

अर्ध्या तासात ह्रस्वदीर्घचं उत्तर आलं. पहिल्यांदाच त्यात 'करण्यात येत आहे' नव्हतं. 'ते वाक्य तपासून मीच सोडलं. चूक दोघांची आहे. सोडून जाऊ नका. फोन नंबर पाठवा.'

फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. ताईंनी तो खोक्यावर ठेवून मोठ्यानं बोलायचं बटण दाबलं. पलीकडून एक बायकी आवाज आला, किंचित घोगरा, अतिशय स्पष्ट.

"मी ह्रस्वदीर्घ बोलते."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. दोन वर्षं ज्यांना गुरुजी म्हणत होतो त्या बाई होत्या! 'करण्यात येत आहे' म्हणणाऱ्याचं काय कळणार, तो आहे की ती?

बाईंनी हसण्यात वेळ घालवला नाही. "मी चौतीस वर्षं कोर्टात टंकलेखक होते," त्या म्हणाल्या. "निकाल टाइप केले. निकालात गोड बोलत नाहीत, का माहीत आहे? ऐकणाऱ्याला नंतर 'मला कळलंच नाही' म्हणायची वेळ येता कामा नये. कठोरपणा म्हणून नाही हो. त्याच्या भल्यासाठी. पण मी हे विसरले. तुमची वाक्यं वाचून मलाही बरं वाटायला लागलं होतं."

"माझं उलट झालं," ताई हळूच म्हणाल्या. "इथे समोर माणूस असतो. त्याला नीट कळलं नाही तर चेहऱ्यावर दिसतं, मी पुन्हा सांगते. तिथे चेहरा नव्हता. मी तो आहे असं धरून चालले."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "घ्या लिहून," बाई म्हणाल्या. "दोघी मिळून करू या."

पाऊण तास लागला. ताई शब्द टाकायच्या, बाई तो वाजवून बघायच्या. 'नष्ट' ताईंना नको होतं, 'आवरणं' आता दोघींनाही नको होतं. अखेरीस असं झालं: 'हे खातं कायमचं पुसलं जाईल. तुमचं लिखाण आणि चित्रं जातील. नंतर ती आम्हालाही परत आणता येणार नाहीत. आधी आपली प्रत उतरवून घ्या.' शेवटचं वाक्य ताईंचं आणि 'आम्हालाही'मधला 'ही' बाईंचा.

फ्यूजला हे सगळं दुपारी कळलं. तो तापला नाही. त्यानं नुसतं विचारलं, "ते खातं पुसलं कधी म्हणालात?" ताईंनी तारीख सांगितली. तो तसाच साहेबांना सांगून घरी गेला.

गोष्ट अशी होती. एखाद्यानं खातं पुसलं की त्याचा सर्व्हर बाकीच्या सगळ्या सर्व्हरना निरोप धाडतो की आमच्या या माणसाचं तुमच्याकडे आलेलं सगळं पुसून टाका. तो निरोप थोडे दिवस पुन्हा पुन्हा दार ठोठावतो आणि कुणी उघडलंच नाही तर नाद सोडतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत फ्यूजच्या जुन्या संगणकाचा पंखा जळाला होता. फळी आठवडाभर बंद होती. तेव्हा आम्ही सगळे त्याला नको नको ते बोललो होतो. आमच्या खेळण्यांच्या विभागातले दोघेजण चावीवाल्यांचं सगळं वाचायचे, त्यामुळे त्यांच्या चित्रांच्या प्रती फळीवर येऊन पडल्या होत्या आणि पुसायचा निरोप तिथे कधी पोचलाच नव्हता.

सगळी नाही मिळाली. फळी सुरू झाल्यानंतरची तेवढीच होती. फ्यूजनं आधी चावीवाल्यांना विचारलं, पाठवू का? कारण माणसानं पुसायला सांगितलेली गोष्ट परस्पर बाहेर काढणंही बरोबर नाही, असं त्याचं म्हणणं. हो आलं, मग त्यानं नीट क्रम लावून पाठवली. दोनशे अकरा चित्रं.

चावीवाल्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं, ताईंच्या नावानं. 'दोनशे अकरा पोचली. बेडूक आहे, आगगाडी आहे. माकड नाही, ते पुन्हा उघडून काढावं लागेल. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण नवीन वाक्य वाचलं. ते असतं तर मी थांबलो असतो.'

ताईंनी ते उत्तर वाचलं आणि फोन खिशात ठेवला. त्या दिवशी डबा मात्र खाल्ला.

त्यानंतरच्या त्यांच्या कामात फरक पडला. पूर्वी त्या वाक्य आम्हाला वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, "कसं वाटतंय?" आता विचारायच्या, "काय कळलं?" आम्ही सांगायचो आणि त्या मान हलवून लिहून घ्यायच्या. बाईंचा फोन दर गुरुवारी यायचा. भांडणं आधीसारखीच व्हायची, फक्त आता आवाजात.

दुकानात पुढच्या वर्षी मालकांनी परतीसाठी यंत्र आणलं. वस्तू समोर धरा, पावती दाखवा, यंत्र ठरवणार. ताईंना तिसऱ्या मजल्यावर चादरी-उशांच्या विभागात धाडलं. यंत्र बोलायचं, "विनंती अमान्य. कारण क्रमांक सतरा." सतरा म्हणजे काय, हे दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एकानं त्याच्या काचेवर किटली आपटली.

आमचे मॅनेजर, वयानं ताईंहून पुष्कळ लहान, त्यांच्याकडे वर गेले. मी पेल्यांचं खोकं घेऊन तिथेच आले होते.

"ताई, तुम्ही त्या यंत्राशेजारी उभ्या राहाल का? मदतनीस म्हणून. यंत्र काही बोललं की तुम्ही लोकांना जरा समजावून सांगायचं."

ताई उशीचा अभ्रा घडी घालत होत्या. "त्याची वाक्यं बदलता येतात का?"

"नाही हो. ती यंत्रवाल्या कंपनीची आहेत. आतून बंद. करारातच नाही."

"म्हणजे जागा आपली, गिऱ्हाईक आपलं, आणि तोंड त्यांचं," ताई म्हणाल्या. "नाही साहेब. त्यानं तोडून बोलायचं आणि मी मागून सारवासारव करायची, हे मला जमणार नाही. करार पुन्हा होईल तेव्हा वाक्यं आपल्या हातात मागून घ्या. मग बोलवा, सगळी लिहून देईन."

त्यांनी का नाही आणि पुढे काय, दोन्ही सांगितलं होतं. मॅनेजरना राग आला नाही. दीड वर्षानं करार नवा झाला, तेव्हा त्यांनी खरोखरच ते कलम घालून घेतलं. ताई आणि बाईंनी तेवीस वाक्यं लिहिली. ती दुकानाला देताना ताईंनी एक अट घातली: ही वाक्यं कुठल्याही दुकानाला वापरता यावीत, म्हणून आम्ही ती फळीवर उघडी ठेवणार. मॅनेजरनी वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी वकिलांना. शेवटी हो आलं. आता कुठकुठली माणसं ती घेऊन जातात, कुणी त्यात भर घालून परत आणून ठेवतात.

ताई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. परवा मी त्यांच्याकडे गेले होते. सासूबाई खिडकीत बसून कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतल्या शिवणीचा समाचार घेत होत्या. ताईंच्या पुढ्यात कागद पसरलेले. सध्या त्यांनी दवाखान्यांसाठीचा एक उघडा प्रोग्राम हाती घेतला आहे. तपासणीचा निकाल रुग्णाच्या फोनवर जातो, त्यातली वाक्यं.

"पाणी ठेव गं चहाचं," त्या म्हणाल्या, "आणि मला सांग. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' असं लिहिलं, तर तुला काय कळेल?"

"काहीतरी चांगलं झालं असं वाटेल," मी म्हटलं.

"तेच तर. आणि आजार निघालेला असतो." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई म्हणतात, 'आजार आढळला' असं सरळ लिहा. मी म्हणते, घरात एकटं कुणी ते वाचत असेल तर? तीन आठवडे झाले, आमचं जमत नाहीये."

मी चहाचं पाणी ठेवलं. फोन वाजला. गुरुवार होता.